जुन्या गाडीचा एसी थंड करत नाही? ‘गॅस भरा’ म्हणण्याआधी काय तपासायचं?

प्रीमियर पद्मिनी, काँटेसा किंवा ऐंशीच्या दशकातली मारुती ८०० हौसेने जपणाऱ्यांना उन्हाळा लागला की हमखास छळणारा प्रश्न म्हणजे एसी. बटण दाबलं की ब्लोअर फिरतो, हवा येते, पण कोमट. गॅरेजमध्ये उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं असतं : “गॅस संपलाय, भरून देतो.”

पण एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांमध्ये गोल गोल फिरत राहतो. तो कमी झाला असेल, तर कुठून तरी गळलाय. गळती न शोधता भरलेला गॅस काही आठवड्यांत पुन्हा उडून जातो. त्यातच जुन्या गाडीत चुकीचा गॅस भरला, तर कॉम्प्रेसरही हातचा जाऊ शकतो.

एसी काम कसा करतो?

इंजिनच्या बेल्टवर चालणारा कॉम्प्रेसर गॅस दाबतो. दाबामुळे तापलेला गॅस रेडिएटरसमोरच्या कंडेन्सरमध्ये उष्णता बाहेर टाकतो आणि द्रवरूप होतो. ड्रायर त्यातला ओलावा शोषतो. पुढे एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून तो डॅशबोर्डखालच्या कुलिंग कॉइलमध्ये जातो. तिथे दाब एकदम कमी झाल्याने तो उकळतो आणि आतल्या हवेतली उष्णता ओढून घेतो. ब्लोअर हीच थंड झालेली हवा आपल्यापर्यंत पोहोचवतो.

गॅसच्या आधी काय पाहायचं?

इंजिन सुरू ठेवून एसी लावा आणि हात लांब ठेवून कॉम्प्रेसरकडे बघा. ‘टक्’ असा आवाज होऊन पुलीच्या पुढची चकती फिरू लागली, तर क्लच लागतोय. ती फिरत नसेल, तर फ्यूज, रिले, वायरिंग आणि थर्मोस्टॅट तपासा. जुन्या गाडीत गंजलेली अर्थिंगची वायर हे नेहमीचं दुखणं असतं. बेल्ट सैल आहे का, तेही बघा.

गॅस कमी झाला की कॉम्प्रेसर बंद करणारा प्रेशर स्विच काही गाड्यांत असतो. तो ‘डायरेक्ट’ करून कॉम्प्रेसर चालवणं महागात पडतं. कॉम्प्रेसरला लागणारं ऑइल गॅससोबतच फिरतं. गॅस नसेल, तर ऑइलही पोहोचत नाही आणि कॉम्प्रेसर जाम होतो.

लक्षणांवरून काय कळतं?

- गाडी धावताना थंड, सिग्नलला गरम : कंडेन्सरला हवा कमी पडतेय. पंखा बघा, जाळीतली माती धुवा.
- आधी थंड, मग हवाच कमी, थोडा वेळ बंद ठेवल्यावर पुन्हा ठीक : कॉइलवर बर्फ धरतोय. थर्मोस्टॅट तपासा.
- हवा कमी झालेली नाही, पण थंडावा मधेच जातो आणि परत येतो : आत ओलावा शिरून एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये बर्फ अडकत असावा.
- कॉम्प्रेसर नीट चालतोय, तरी हवा कोमट : हीटरचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद होतोय का, ते बघा. गरम पाणी आत फिरत राहिलं, तर थंड हवा वाटेतच तापते.

गळती कशी शोधतात?

गॅससोबत थोडं ऑइलही बाहेर येतं. त्यामुळे सांध्यावर धूळ चिकटलेला तेलकट डाग दिसला, तर संशयाची पहिली जागा तीच. खात्रीसाठी यंत्रणेत नायट्रोजन भरून सांध्यांवर साबणाचं पाणी लावतात. यासाठी ऑक्सिजन कधीही वापरू नये. दाबाखाली ऑइलशी संपर्क आल्यास स्फोट होऊ शकतो.

महिनोन् महिने उभ्या असलेल्या गाडीत कॉम्प्रेसरच्या शाफ्टचं सील कोरडं पडतं आणि तिथून गॅस निसटतो. म्हणूनच थंडीतही दर पंधरवड्याला दहा मिनिटं एसी चालवावा.

जुना गॅस का मिळत नाही?

त्या काळच्या गाड्यांत आर-१२ हा सीएफसी प्रकारातला गॅस असे. सीएफसी ओझोनचा थर पोखरू शकतात, असा इशारा मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनी १९७४ मध्ये दिला. १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला आणि १९९२ मध्ये भारत त्यात सामील झाला. भारतासह विकसनशील देशांसाठी सीएफसी बंद करण्याची मुदत २०१० ही होती. त्यामुळे आज कोणी ‘ओरिजिनल आर-१२’ देऊ केला, तर सिलिंडरमध्ये नेमकं काय आहे, हा प्रश्न विचारायलाच हवा.

मग आर-१३४ए थेट भरला तर?

आर-१२ सोबत मिनरल ऑइल चालायचं. ते आर-१३४ए मध्ये नीट मिसळत नाही, म्हणजे कॉम्प्रेसरपर्यंत परत येत नाही. नव्या गॅसचे रेणूही लहान असतात. जुन्या रबरी होजमधून ते अधिक सहज झिरपतात. उन्हाळ्यात त्याचा दाबही जास्त चढतो, त्यामुळे छोटा कंडेन्सर कमी पडतो.

म्हणून बदल करायचा तर पूर्ण करावा. उरलेला गॅस हवेत न सोडता मशीनने काढून घ्यायचा, जुनं ऑइल काढून एस्टर ऑइल घालायचं, ओ-रिंग आणि ड्रायर नवे बसवायचे, खराब होज बदलायचे. त्यानंतर किमान अर्धा तास व्हॅक्यूम मारायचा आणि पंप बंद केल्यावर गेजचा काटा जागेवर राहतोय का, ते पाहायचं. नवा गॅस वजन करून, मूळ आर-१२ च्या साधारण ८० ते ९० टक्केच भरतात. शेवटी बॉनेटखाली गॅस आणि ऑइलचा प्रकार लिहिलेलं लेबल लावायचं.

स्वस्तात होतं म्हणून एलपीजीसारखा ज्वलनशील गॅस मात्र भरून घेऊ नका. कुलिंग कॉइल प्रवाशांच्या समोरच असते. ती गळली, तर तो गॅस थेट गाडीच्या आत साठतो.

गॅरेजमध्ये काय विचारायचं?

प्रश्न तीनच. गळती कुठे सापडली? व्हॅक्यूम किती वेळ टिकला? गॅस किती ग्रॅम भरला? तिन्हींची उत्तरं मिळाली, तरच बिल भरा.