टाइप केलेली सूचना मोबाइल कशी समजतो आणि उत्तरांचा क्रम कसा लावतो?

"माजिवड्याहून चैत्यभूमीला जायचा रस्ता दाखव" असे टाइप केले की मोबाइल नकाशा उघडतो. रोजच्या भाषेतील सूचना घेऊन काम करणाऱ्या अशा साधनांना आज्ञा-साधने म्हणता येईल. २००८ मध्ये मोझिला लॅब्जने फायरफॉक्स ब्राउझरसाठी 'युबिक्विटी' हे असे साधन प्रयोग म्हणून आणले होते. आज शोधयंत्र, नकाशा आणि चॅटबॉट यांत हीच कल्पना आहे. शिष्यवृत्ती, वसतिगृह, जातप्रमाणपत्र यांची माहिती आपले विद्यार्थी याच वाटेने शोधतात. त्यामुळे यादीत पहिले काय येते आणि का येते, हे प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत असायला हवे.

१. अक्षरे ओळखणे

संगणक अक्षर पाहत नाही, त्याचा युनिकोड क्रमांक पाहतो. 'आंबेडकर' हा शब्द 'आ' या अक्षराने लिहिला काय किंवा 'अ' लिहून त्याला काना जोडला काय, अनेक फॉन्टमध्ये डोळ्यांना फरक दिसत नाही. संगणकासाठी मात्र ते दोन वेगळे शब्द आहेत. चांगली साधने असे भेद आधी एकसारखे करून घेतात. सगळीच करत नाहीत.

रोमन लिपीत टाइप केले तर अडचण वाढते. बी-यू-डी-एच या चार अक्षरांतून 'बुध' आणि 'बुद्ध' असे दोन्ही शब्द निघू शकतात. कोणता पुढे ठेवायचा, हे साधन मुख्यतः तो शब्द किती वापरला जातो त्यावरून ठरवते.

२. वाक्य फोडणे

इंग्रजीत 'पासून', 'कडे' यांसाठी सुटे शब्द असतात आणि शब्दांचा क्रम ठरलेला असतो. मराठीत प्रत्यय नामाला चिकटतो आणि नामाचे रूपही बदलते. 'माजिवडा'चे 'माजिवड्या' होते, मग 'हून' लागते. साधनाला 'हून' वेगळे काढून ही निघण्याची जागा, आणि 'ला' वेगळे काढून ही पोहोचण्याची जागा, असे ओळखावे लागते. हे जमले तर "चैत्यभूमीला माजिवड्याहून" असा उलटा क्रमही चालतो. शेवटी 'दाखव' या क्रियापदावरून कोणते काम करायचे ते ठरते.

३. गुण देणे

एका सूचनेचे अनेक अर्थ निघू शकतात. प्रत्येक अर्थाला गुण मिळतात. शब्द तंतोतंत जुळला का, आवश्यक माहिती पूर्ण आहे का, बहुतेक लोक काय निवडतात, तुम्ही पूर्वी काय निवडले, तुम्ही कुठे आहात, अशा गोष्टी मोजल्या जातात. समजा एका अर्थाला ०.८ आणि दुसऱ्याला ०.६ गुण मिळाले, तर पहिला वर येतो. 'विहार' एवढेच लिहिले तर बुद्धविहार, मुंबईतील विहार तलाव किंवा एखादे गृहसंकुल, यांपैकी काहीही वर येऊ शकते.

नव्या भाषा-प्रारूपांत शब्दांचे अर्थ संख्यांच्या रूपात साठवलेले असतात. त्यामुळे "खोलीभाड्यासाठी मदत" असे लिहूनही योजना सापडू शकते. पण तिथेही शेवटी शक्यतेचाच हिशेब असतो.

चूक कुठे महागात पडते?

'स्वाधार योजना' हे उदाहरण घ्या. महाराष्ट्र शासनाची डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना २०१६-१७ पासून आहे. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना भोजन, निवास आणि शैक्षणिक साहित्यासाठी तिच्यातून थेट बँक खात्यात रक्कम मिळते. 'स्वाधार गृह' ही केंद्राची योजना मात्र अडचणीत सापडलेल्या महिलांसाठी होती. फक्त 'स्वाधार' लिहिणाऱ्याला दोन्हींची सरमिसळ मिळू शकते. पहिल्याच उत्तरात महिलांची योजना दिसली म्हणून "ही आपल्यासाठी नाही" असे समजून मुलगा थांबला, तर अर्जाची मुदत निघून जाते.

पहिला क्रमांक म्हणजे खरे उत्तर असे नाही. बहुतेकांना जे हवे असेल असा साधनाचा अंदाज, एवढाच त्याचा अर्थ. आपला शब्द कमी लोक वापरत असतील तर आपले उत्तर खाली जाते.

काय करावे?

- योजनेचे पूर्ण नाव लिहा. सोबत 'महाराष्ट्र', 'विद्यार्थी', 'नवबौद्ध' असे ओळखीचे शब्द जोडा.
- उत्तर चुकीचे वाटले तर देवनागरी आणि रोमन अशा दोन्ही लिपींत शोधून पाहा.
- पहिल्या उत्तरावर थांबू नका. अर्ज भरण्यापूर्वी शासनाचा मूळ निर्णय वाचा.
- साधन पैसे पाठवणार किंवा अर्ज दाखल करणार असेल, तर त्याने काय समजून घेतले ते आधी तपासा.
- विहारातील कार्यक्रम, अभ्यासिका, शिबिरे यांची माहिती फक्त चित्राच्या पोस्टरवर देऊ नका, युनिकोड मजकुरातही लिहा. 'माजिवडा' आणि 'माजिवाडा' ही दोन्ही रूपे द्या. शोधणारा कोणतेही रूप टाइप करू शकतो.