रोहित्राची निवड

गोकाकजवळ घटप्रभेचे पाणी सुमारे १७० फूट खोल कोसळते. त्या पाण्याच्या बळावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे सूतगिरणी उभी राहिली. गिरणीला धबधब्यापाशी यावे लागले. धबधब्याची शक्ती बेळगाव किंवा निपाणीच्या दारी नेण्याची सोय तेव्हा नव्हती. ती सोय पुढे ज्याने केली ते रोहित्र, म्हणजेच लोकांच्या तोंडचा ट्रान्सफॉर्मर होय.

१८३१ साली मायकेल फॅराडेने लोखंडी कड्यावर तारेची दोन अलग वेटोळी गुंडाळली. एकातील प्रवाह सुरू वा बंद होताच दुसऱ्यात क्षणभर प्रवाह उमटे. १८८५ साली बुडापेस्टच्या गान्झ कारखान्यातील झिपर्नोव्स्की, ब्लाथी व डेरी ह्या त्रयीने बंद गाभ्याचे व्यवहारोपयोगी रोहित्र सिद्ध केले. वीज चढ्या दाबाने दूर न्यावी आणि घरापाशी दाब उतरवावा, हा मार्ग त्यामुळे खुला झाला. बेळगावात १८८८ साली सायकलींचे दुकान थाटणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगपरंपरेतूनच १९४६ साली बंगळूरला विजेची यंत्रे करणारी कंपनी निघाली.

धारवाड केंद्र १९५० साली व सांगली केंद्र १९६३ साली सुरू झाले. सीमाभागातील घरांत कन्नड आणि मराठी असे दोन्ही सूर येऊ लागले. ट्रान्झिस्टरचे सेल वरचेवर बदलणे खर्चाचे. म्हणून विजेवर चालणारी जोडणी घरीच करण्याकडे हौशी तरुण वळले. येथेच निवडीचा प्रश्न उभा राहतो.

एकाच वेटोळ्याचे रोहित्र तांबे वाचविते, अशी त्याची ख्याती आहे. परंतु ही बचत दोन्ही दाब जवळजवळ असतील तरच मोठी. २३० व्होल्टांवरून ६ व्होल्टांवर उतरावयाचे तर ती शेकडा तीनही भरत नाही. उलट, त्यात घरची वीज व रेडिओ एकाच तारेने जोडलेले राहतात. समाईक भाग तुटला, किंवा खटक्यात तारा उलट जोडल्या गेल्या, की रेडिओला हात लावणाऱ्याच्या जिवावर बेतते.

दोन अलग वेटोळ्यांत तारेचा संबंध नसतो. शक्ती केवळ चुंबकत्वाच्या द्वारे पलीकडे जाते. कड्याच्या आकाराचा गाभा गुणगुण कमी करतो खरा. पण त्याच्या आतून तार ओवणे जिकिरीचे. इंग्रजी ई आणि आय अक्षरांच्या आकाराचे पत्रे रचलेल्या गाभ्यावर मात्र रिळावर गुंडाळलेली वेटोळी सहज बसतात. घरगुती कामास हाच प्रकार योग्य. फॅराडेने वेगळी ठेवलेली दोन वेटोळी थोड्याशा तांब्याच्या लोभाने एक करण्यात शहाणपण नाही.