डोडोची हाडं पायाला लागली तेव्हा

हा भाग रोहण्याहून रेकॉर्ड करतोय, मागे कुत्री भुंकतील, त्याला इलाज नाही. बाबा हरभऱ्याच्या जागलीला गेलेत, रानडुकरांसाठी. एका रात्रीत कळप शिरला की सकाळी वावर नांगरल्यासारखं दिसतं. म्हणून आज विषय डुकरांचाच, पण मॉरिशसच्या.

या बेटावर माणूस फार उशिरा वसला. १५९८ मध्ये डच उतरले, १६३८ मध्ये त्यांनी वस्ती केली. तोवर तिथे वटवाघळं सोडली तर जमिनीवरचा मूळचा एकही सस्तन प्राणी नव्हता. डोडोला उडता येत नव्हतं, घरटं जमिनीवर, आणि पळायची वेळ कधी आलीच नव्हती. आपल्याला वाटतं, खलाशांनी मारून खाल्ला. खाल्लाही. पण डच वस्ती काहीशे लोकांची, आणि बेट जवळपास दोन हजार चौरस किलोमीटरचं, जंगलाने गच्च. खरा घात केला तो जहाजांतून आलेल्या डुकरांनी, उंदरांनी, माकडांनी. जमिनीवरचं अंडं म्हणजे आयतं जेवण! डोडो पाहिल्याची १६६२ ची नोंद बहुतेक जण शेवटची मानतात (त्यावरही वाद आहेच). म्हणजे वस्तीनंतर जेमतेम पंचवीस वर्षं. आपल्याकडे डुकरामागे वाघ-बिबट्या तरी असतो, तिथे कोणीच नव्हतं.

मराठी माणूस तिथे पोचला १८३४ नंतर, मुंबई बंदरातून, उसाच्या मळ्यांवर गिरमिटिया म्हणून. आज तिथे गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते, ती या लोकांमुळे. डोडो तेव्हा कधीच संपला होता.

पण मला अडकवलं ते पुढच्या गोष्टीने. १८६५ मध्ये मार ओ सोंज नावाच्या दलदलीत हाडं निघाली. जॉर्ज क्लार्क या शाळामास्तराने मजुरांना तीन फूट पाण्यात उतरवलं आणि सांगितलं, गाळ पायांनी चाचपा. तशी चाचपून डोडोची हाडं वर आली. लंडनमध्ये रिचर्ड ओवेनने त्यांच्यावर पुस्तक लिहिलं. क्लार्कचं नाव राहिलं, ओवेनचं राहिलं. आणि त्या काळी मॉरिशसमध्ये मजूर म्हणजे बहुतेक आपल्याच देशातून आलेले गिरमिटिया.

काल जेवताना हे सगळं बाबांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि टॉर्च उचलत विचारलं, "मंग त्या डुकराईचं का केलं?"

काही नाही. डच १७१० मध्ये बेट सोडून गेले. डुकरं अजून आहेत.