'ऑन्डिना' : बत्तीस गोळ्यांची शिदोरी

युद्धाचा इतिहास आपल्यापर्यंत पोहोचतो तो बहुधा सेनापतींच्या आणि रणनौकांच्या नावांनी. परंतु रणनौकेला समुद्रावर हिंडावयाचे तर तिच्या टाक्यांत तेल हवे, आणि ते वाहून नेणारे टँकर म्हणजे संथ, अवजड आणि शत्रूच्या नजरेत भरणारी जहाजे. त्यांवरील खलाशी पोटासाठी दर्यावर गेलेले. गोव्याच्या कितीतरी ख्रिस्ती घरांतील कर्ते पुरुष पिढ्यान्‌पिढ्या जहाजांवर चाकरीस जात आले आहेत. म्हणून अशा एका टँकरची हकिकत वाचकांपुढे ठेवावी असे आम्हांस वाटते. तीत त्या वेळच्या हिंदी नौदलाचाही वाटा आहे.

'ऑन्डिना' हा डच टँकर १९३९ साली बांधला गेला. पुढच्याच वर्षी नेदरलँड्स जर्मनीच्या टाचेखाली गेले आणि १९४२ च्या प्रारंभी जावा-सुमात्राची तेलक्षेत्रे जपानने घेतली. अधिकारी डच, खलाशी प्रामुख्याने चिनी आणि परतावयाला बंदर नाही, अशा स्थितीत हे जहाज दोस्त राष्ट्रांच्या सेवेत राबत होते. पिछाडीस चार इंची एक तोफ होती. तिच्यासाठी गोळे होते अवघे बत्तीस.

५ नोव्हेंबर १९४२ रोजी 'ऑन्डिना'ने ऑस्ट्रेलियातील फ्रीमँटल बंदर सोडले. हिंदी महासागरातील दिएगो गार्सिया बेटापर्यंत सोबतीला होती रॉयल इंडियन नेव्हीची 'बंगाल', सिडनी येथे नुकतीच बांधून झालेली सुरुंग काढणारी छोटी नौका. तिच्यावर मूळ योजनेतील चार इंची तोफेऐवजी त्याहून लहान, बारा पौंडी तोफ बसविलेली होती. कप्तान लेफ्टनंट कमांडर विल्सन.

११ नोव्हेंबरला, म्हणजे सैनिकी पेशा सोडून धर्मसेवेत आलेल्या तूरच्या संत मार्टिनच्या सणादिवशी, दुपारच्या सुमारास क्षितिजावर 'होकोकू मारू' आणि तिच्यामागून 'आयकोकू मारू' अशी दोन जपानी जहाजे दिसली. दोन्ही दहा हजार टनांहून मोठी. प्रवासी जहाजे म्हणून बांधलेली, पण तोफा, पाणतीर आणि विमाने चढवून व्यापारी जहाजांच्या शिकारीसाठी सज्ज केलेली. याच जोडीने मे महिन्यात 'जेनोटा' हा डच टँकर जिवंत पकडून जपानी नौदलाच्या तेलपुरवठ्यास जुंपला होता. 'ऑन्डिना'चेही तेच झाले असते.

विल्सन यांनी टँकरला निसटून जाण्याचा इशारा दिला आणि स्वतः 'बंगाल'चे तोंड शत्रूकडे वळविले. इतक्या लहान नौकेने हे करावे याला काय म्हणावे? परंतु टँकरचे कप्तान विलेम हॉर्समन यांनीही पळ काढला नाही. आपला वेग शत्रूपुढे टिकणार नाही हे ओळखून त्यांनी तोफ डागण्याची आज्ञा दिली. थोड्याच वेळात 'होकोकू मारू'च्या मागील भागात, पाणतीर ठेवलेल्या ठिकाणी प्रचंड स्फोट झाला. आग पसरली आणि ते जहाज ७६ माणसांसह बुडाले.

तो निर्णायक गोळा कोणाचा, याविषयी एकमत नाही. डच वृत्तान्त त्याचे श्रेय 'ऑन्डिना'स देतात, हिंदी नौदलाच्या परंपरेत ते 'बंगाल'च्या नावे सांगितले जाते. आमचे मन टँकरच्या तोफेकडे झुकते, कारण तिचा गोळा अधिक भारी होता. पण 'बंगाल' आडवी गेली नसती तर तोफ चालवावयास उसंत मिळाली असती का, हेही विचारावयास हवे.

पुढे दैव फिरले. दारूगोळा संपत आल्यावर 'बंगाल'ला माघार घ्यावी लागली. 'ऑन्डिना'चे बत्तीसही गोळे संपले. हॉर्समन यांनी पांढरे निशाण चढवून जहाज सोडण्याचा हुकूम दिला आणि त्यानंतर लगेच ते स्वतः कामी आले. 'आयकोकू मारू'ने जवळ येऊन रिकाम्या टँकरवर पाणतीर सोडले, आणि मग होड्यांतील निःशस्त्र माणसांवर मशीनगन चालविली. प्रमुख अभियंता आणि काही चिनी खलाशी मृत्युमुखी पडले. शरण आलेल्यांवर शस्त्र चालविण्याचे समर्थन युद्धाच्या कोणत्याही नियमाने होत नाही.

जहाज बुडणारच असे समजून शत्रू निघून गेला. जहाज कलले होते, पेटले होते, पण बुडाले नव्हते. होड्यांतून काही जण पुन्हा त्यावर चढले, आग विझविली, यंत्रे चालू केली आणि बाकीच्यांना वर घेतले. जखमी सोबतीला घेऊन त्यांनी फ्रीमँटलची वाट धरली.

इकडे 'बंगाल' दिएगो गार्सियास सुखरूप पोहोचली होती आणि 'ऑन्डिना' बुडाल्याचे तिने कळविले होते. टँकरवरील सांकेतिक लिपीची पुस्तके समुद्रात फेकून दिलेली. त्यामुळे वैद्यकीय मदतीसाठी उघड्या भाषेत पाठविलेला संदेश फ्रीमँटलला शत्रूचा कावा वाटला, उत्तर आले नाही. अखेर एका विमानाने जहाज हेरले आणि १८ नोव्हेंबरला ते बंदरात शिरले. 'बंगाल'ने सोबत सोडली असा ठपका आम्ही ठेवणार नाही. धुरात आणि गोळीबारात दिसले तेच विल्सन यांनी सांगितले.

हॉर्समन यांना मरणोत्तर मिलिटरी विल्यम ऑर्डर हा डच राष्ट्राचा सर्वोच्च शौर्यसन्मान मिळाला. होड्यांत मेलेल्या चिनी खलाशांची नावे मात्र या लढाईच्या कथांत क्वचितच भेटतात. 'बंगाल' स्वातंत्र्यानंतर भारतीय नौदलात राहिली. 'ऑन्डिना' दुरुस्त होऊन पुन्हा तेल वाहू लागली, आणि १९५९ साली हाँगकाँग येथे मोडीत निघाली.