समुद्राला बहर कधी येतो?

भाईंदर पश्चिमेला मुर्धा, राई, मोर्वा ही गावे ओलांडून उत्तनला गेले की वाळत घातलेल्या बोंबलांच्या रांगा दिसतात. या मासळीची अन्नसाखळी सुरू होते ती डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पतीप्लवकांपासून. हे सूक्ष्म जीव पाण्याबरोबर वाहत राहतात आणि सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतात. पृथ्वीवरील प्रकाशसंश्लेषणापैकी सुमारे निम्मे त्यांच्याकडून होते. कधीकधी त्यांची संख्या काही दिवसांत प्रचंड वाढते आणि पाण्याचा रंगही बदलतो. यालाच प्लवकांचा बहर म्हणतात.

बहरासाठी काय लागते?

मुख्य गरजा दोन आहेत: प्रकाश आणि नायट्रेट, फॉस्फेट यांसारखी पोषकद्रव्ये. अडचण अशी की प्रकाश वरच्या थरात असतो, तर पोषकद्रव्यांचा साठा खोल पाण्यात. बहर येण्यासाठी या दोन्ही गोष्टी एकत्र याव्या लागतात.

उत्तर अटलांटिकमध्ये हिवाळी वादळे पाणी खोलवर घुसळतात. पोषकद्रव्ये वर येतात, पण प्लवकही अंधारात ओढले जातात. वसंतात वरचा थर तापून उथळ झाला की ते उजेडात टिकतात आणि बहर येतो, अशी मांडणी हाराल्ड स्वेरड्रुप यांनी १९५३ मध्ये केली. मायकेल बेहरेनफेल्ड यांनी २०१० मध्ये तिला आव्हान दिले. उपग्रहांच्या नोंदींनुसार वाढ भर हिवाळ्यातच सुरू होते, असे त्यांनी दाखवले. खोल घुसळणीमुळे प्लवक आणि त्यांना खाणारे प्राणी विरळ होतात, त्यांची गाठ कमी पडते आणि प्लवकांचे फावते, हे त्यांचे स्पष्टीकरण. यावरची चर्चा अजून संपलेली नाही.

अरबी समुद्राचे वेळापत्रक वेगळे

आपल्याकडे प्रकाशाची वानवा नाही, त्यामुळे प्रश्न उरतो पोषकद्रव्यांचा. मार्च ते मे या काळात तापलेले, हलके पाणी झाकणासारखे वर बसते. म्हणून खुल्या अरबी समुद्रात वसंत हा दुष्काळाचा ऋतू असतो. तेव्हा हवेतील नायट्रोजन वापरू शकणारे ट्रायकोडेस्मियम मात्र वाढते आणि पाण्यावर लाकडाच्या भुशासारखे तरंगताना दिसते.

खरे बहर दोन. पावसाळ्यात नैऋत्य वाऱ्यांमुळे सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्यालगत खोल, थंड पाणी वर येते. भारताच्या नैऋत्य किनाऱ्यालगतही तसेच घडते. दुसरा बहर हिवाळ्यात, उत्तर अरबी समुद्रात. ईशान्येकडील कोरड्या वाऱ्यांनी बाष्पीभवन वाढते, वरचे पाणी थंड आणि जड होऊन बुडते आणि खालची पोषकद्रव्ये वर येतात. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील मधुप्रताप, प्रसन्नकुमार आणि सहकाऱ्यांनी ही प्रक्रिया १९९६ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात मांडली.

मुर्धा–उत्तनच्या अगदी किनाऱ्याला आणखी एक घटक आहे, तो म्हणजे गाळ. वसईची खाडी पोषकद्रव्ये आणते, पण भरती-ओहोटीने गाळ ढवळला जातो आणि प्रकाश फार खोल जात नाही. त्यामुळे येथे पोषकद्रव्ये असूनही उजेड कमी पडू शकतो.

प्रत्येक बहर चांगलाच असतो का?

नाही. तारली आणि बांगडा यांना प्लवकांचा थेट फायदा होतो. उत्तर अरबी समुद्रात मात्र हिवाळ्यात पूर्वी डायटम म्हणजे करंडक शैवालांचे प्राबल्य होते. २००० नंतर त्यांची जागा हिरव्या नॉक्टिल्युकाने घेतल्याचे दिसले. हेल्गा गोम्स, जोआकिम गोएस आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये याचा संबंध ऑक्सिजन कमी असलेल्या पाण्याच्या प्रसाराशी जोडला. नॉक्टिल्युका हे जेलीफिशसारख्या मोजक्या प्राण्यांचेच खाद्य असल्याने नेहमीची अन्नसाखळी खंडित होण्याची भीती असते. नोव्हेंबर २०२० मध्ये मुंबईच्या जुहू किनाऱ्यावर लाटा निळ्या चमकल्या, त्या अशाच प्रकाशमान प्लवकांमुळे. दृश्य सुंदर असले, तरी मोठा बहर कुजताना ऑक्सिजन संपतो आणि मासे मरू शकतात.

मच्छीमारांना उपयोग काय?

प्लवकांतील हरितद्रव्यामुळे समुद्राचा बदललेला रंग ‘ओशनसॅट’ मालिकेतील उपग्रह टिपतात. हा रंग आणि पाण्याचे तापमान पाहून हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था संभाव्य मासेमारी क्षेत्रांची माहिती देते. माशांचा शोध कमी झाला की डिझेल आणि वेळ, दोन्ही वाचतात.