तार, बिनतारी आणि गायरान



मी इंजिनिअर नव्हे. नववीनंतर माझी शाळा सुटली ती कायमची. पुढचे जे काही शिकलो ते कारखान्याच्या फाटकाशी आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा कॅमेरा व संगणक यांना जोडणाऱ्या तारेचा इतिहास मी सांगावा, हे काहींना धाडसाचे वाटेल. पण या तारेने मला एकदा चांगलाच धडा शिकविला आहे. आरंभी तीच हकिकत सांगतो.

2004 साली एका कारखान्यात प्रेसवर एका कामगाराची दोन बोटे गेली. यंत्राचे गार्ड काढून ठेवलेले होते. सकाळपर्यंत ते जागेवर बसणार हे ओळखून आमच्या एका कार्यकर्त्याने रात्रीच उसन्या डिजिटल कॅमेऱ्याने सहा छायाचित्रे घेतली. दुसऱ्या दिवशी अकराला बोलणी होती. कॅमेऱ्याची तार मालकाच्या घरी, घराला कुलूप, मालक परगावी! बाजार पालथा घातला, पण त्या कंपनीच्या तारेचे टोकच निराळे, आणि आतले मेमरी कार्डही निराळ्या घाटाचे. पुरावा कॅमेऱ्याच्या पोटात आणि आम्ही रिकाम्या हातांनी समोर बसलो. छापील प्रती मिळाल्या चार दिवसांनी. तोवर गार्ड बसले होते, आणि ते पूर्वीपासूनच होते असे म्हणायला माणसेही मिळाली होती. त्या कामगाराला मिळायला हवे होते त्याहून फार थोडे मिळाले.

तेव्हापासून मी या विषयाचा पाठपुरावा केला. 1960 साली अमेरिकेत आरएस-232 नावाचा जोडणीचा नियम ठरला. संगणक आणि मोडेम यांची गाठ त्याने घातली. 1970 च्या सुमारास सेंट्रॉनिक्स कंपनीने छपाई यंत्रासाठी वेगळी रुंद जोडणी आणली. पुढे कळफलकाला एक भोक, माउसला दुसरे, छपाई यंत्राला तिसरे, असा संगणकाच्या पाठीमागे बाजार भरला. अखेर सात कंपन्या एकत्र बसल्या आणि जानेवारी 1996 मध्ये यूएसबीचा पहिला नियम प्रसिद्ध झाला. त्यात चारच तारा होत्या. दोन विजेच्या, दोन माहितीच्या. या कामात इंटेलमधील अजय भट्ट हे प्रमुख होते. त्यांचे शिक्षण बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात झालेले. परंतु ऐक्य झाले ते संगणकाच्या बाजूच्या टोकापुरते. कॅमेऱ्याकडचे टोक अनेक कंपन्यांनी आपापल्या मुठीत ठेवले, आणि आमचे घोडे अडले ते तेथेच.

मग बिनतारी आली. तिच्यासाठी आधी जागा मोकळी व्हावी लागली. 1985 साली अमेरिकेने काही लहरीपट्टे परवान्याशिवाय वापरण्यास मोकळे केले. त्यांतला 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा पुढे विशेष गाजला. हिंदुस्थानात तो 2005 साली परवानामुक्त झाला. मी त्याला गावचे गायरान म्हणतो. तेथे कोणीही जनावर सोडावे. सातबारा कोणाच्या नावाचा नाही. या गायरानावर 1997 साली वाय-फायचा पहिला नियम आला, आणि 1998 साली पाच कंपन्यांनी ब्लूटूथचा संघ स्थापिला. दहाव्या शतकातील डेन्मार्कचा राजा हॅराल्ड याचे हे टोपणनाव. विखुरलेल्यांना एकत्र आणणारा म्हणून त्याची ख्याती होती. 2005 पासून वाय-फाय असलेले साधे डिजिटल कॅमेरेही दुकानांत दिसू लागले.

मग तार निरुपयोगी झाली काय? हिशेब करून पाहू. एक छायाचित्र दोन मेगाबाइटचे, म्हणजे सोळा मेगाबिटचे धरा. आरंभीचे ब्लूटूथ सेकंदाला जेमतेम पाऊण मेगाबिट वाहून नेई. म्हणजे एका चित्राला वीस-बावीस सेकंद, शंभर चित्रांना पस्तीस मिनिटांच्या आसपास वेळ गेला असता. 2000 सालच्या यूएसबीचा वेग कागदावर 480 मेगाबिट! प्रत्यक्षात तो निम्मा जरी मिळाला, तरी तीच शंभर चित्रे सात सेकंदांत उतरतात. शिवाय तार वीजही देते. गायरानात गर्दी झाली की जनावरे एकमेकांना ढुशा देतात, तशी बिनतारीचीही गत होते; स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्ह भट्टीसुद्धा त्याच पट्ट्यात गुरगुरते. आणि तारेतील गोष्ट चोरण्यास तारेजवळ यावे लागते. हवेतली गोष्ट भिंतीपलीकडूनही ऐकू जाते, म्हणून तिला सांकेतिक कुलूप घालावे लागते.

म्हणून तार श्रेष्ठ की बिनतारी, हा वाद मला दुय्यम वाटतो. जोडणीची किल्ली एकाच्या खिशात आहे की सर्वांच्या हाती, हे आधी विचारावे. बिनतारीचेही टोक मुठीत ठेवता येते. आपल्याच कंपनीच्या फोनशी बोलणारी यंत्रे आपण पाहतोच. उलट तारही सार्वजनिक करता येते. युरोपीय संघाने 2022 साली कायदा केला आणि 28 डिसेंबर 2024 पासून तेथे विक्रीस येणाऱ्या फोनना व डिजिटल कॅमेऱ्यांना विजेसाठी एकच टोक, यूएसबी-सी, बंधनकारक झाले. कंपन्यांच्या सदिच्छेवर वर्षानुवर्षे सोपवून जे पुरे झाले नव्हते, ते कायद्याने करून घेतले. आम्हा संघटनावाल्यांना हा अनुभव नवा नाही.

आमच्या कचेरीच्या एका खणात आजही निरनिराळ्या टोकांच्या जुन्या तारांचा गुंता पडलेला आहे. तरुण कार्यकर्ते म्हणतात, "काका, टाकून द्या आता हे." मी टाकत नाही. त्यातली एक तार त्या कॅमेऱ्याची आहे. ती आमच्या हाती आली तेव्हा चार दिवस उशीर झाला होता.