उसाचे चोवीस तास

सहकार म्हटलं की आमच्या पिढीच्या डोळ्यांसमोर काय येतं? कडक इस्त्रीचा पांढरा झब्बा, पांढरी एसयूव्ही, चेअरमनसाहेबांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स आणि ठेवी अडकलेली एखादी बँक. शाळेत 'विना सहकार नाही उद्धार' फळ्यावर लिहायला लावायचे, तेव्हा ते सुविचार ह्या खात्यात जमा. सिरियसली घ्यायची गोष्ट आहे असं कधी वाटलंच नाही.

पुढे इंजिनिअरिंगला असताना गेम थिअरी वाचली आणि हाच शब्द एकदम हायफाय झाला. रॉबर्ट ॲक्सेलरॉड नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने १९८० च्या आसपास कॉम्प्युटर प्रोग्राम्सची एक स्पर्धा घेतली होती. खेळ 'कैद्यांच्या पेचा'चा : दोघांनी एकमेकांना साथ दिली तर दोघांचं बरं होतं, एकाने दगा दिला तर त्याची चांदी आणि दुसऱ्याचं वाटोळं, दोघांनी दगा दिला तर दोघेही गोत्यात. पहिल्या फेरीत १४ जणांनी प्रोग्राम पाठवले. जिंकला कोण, तर अनातोल रॅपोपोर्ट यांनी पाठवलेला सगळ्यात छोटा प्रोग्राम. त्याचं लॉजिक आपल्या आजीलाही माहीत होतं : जशास तसे. पहिल्यांदा साथ द्यायची, मग समोरचा जसा वागेल तसं वागायचं. दुसऱ्या फेरीत ६२ प्रोग्राम्स आले, सगळ्यांना आधीचा निकाल ठाऊक होता, तरी पुन्हा हाच जिंकला!

हे वाचून मी भलताच खूश झालो होतो. पण त्याच्या पन्नास वर्षं आधी आपल्या डेक्कनवर एक माणूस ह्याच प्रश्नाच्या मागे लागला होता हे मला फार उशिरा कळलं. त्यांनी कॉम्प्युटरवर खेळ मांडला नाही (कॉम्प्युटर होते कुठे!). त्यांनी साखर कारखाना चालवला.

धनंजयराव गाडगीळ. पर्यावरणतज्ज्ञ माधव गाडगीळ यांचे वडील. केंब्रिजला शिकून आले, १९२४ मध्ये भारताच्या औद्योगिक वाटचालीवरचं त्यांचं पुस्तक प्रसिद्ध झालं, आणि १९३० मध्ये साताऱ्याच्या रावबहादूर काळ्यांच्या देणगीतून पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली तेव्हा ते तिचे पहिले संचालक झाले. वय २९. म्हणजे माझ्याएवढं. (मी ह्या वयात सिनियर इंजिनिअर आहे आणि माझ्या हाताखाली दीड माणूस आहे. असो.) १९६६ पर्यंत ते त्या खुर्चीवर होते.

संस्थेच्या सुरुवातीच्या अभ्यासांचे नुसते विषय बघा. पुण्याच्या बाजारात फळं कशी विकली जातात. सहा जिल्ह्यांतली मोटार वाहतूक कशी चालते. वाई तालुक्यातल्या शेतकऱ्याचा जमाखर्च काय आहे. मोठमोठे सिद्धांत नंतर, आधी मोजमाप. संत्र्याच्या पाटीतला किती पैसा दलालाकडे जातो हे माहीत नसेल तर शेतकऱ्यांनी एकत्र यावं असं भाषण ठोकण्यात काय अर्थ आहे?

आता थोडं मागे जायला हवं. आपल्याकडे सहकार आला तो कर्जाच्या दाराने. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकरी सावकारांवर चालून गेले. दख्खनचे दंगे म्हणतात ते हेच. लोकांचा रोख मुख्यतः कागदांवर होता, कर्जरोखे आणि वह्या मिळतील तिथे जाळल्या. सरकारने चौकशी केली, १८७९ ला कायदा केला, सावकार मात्र राहिलाच. मग १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा आला : गावकऱ्यांनीच पैसे जमवावेत, एकमेकांना द्यावेत, सावकाराची गरजच राहू नये. कागदावर अगदी सुंदर डिझाईन.

प्रत्यक्षात काय झालं? १९५१-५२ मध्ये रिझर्व्ह बँकेने अख्ख्या देशाची पाहणी केली. ७५ जिल्हे, ६०० गावं. गोरवाला समिती म्हणतात ती हीच, आणि गाडगीळ तिचे सदस्य होते. १९५४ मध्ये अहवाल आला. शेतकऱ्याच्या एकूण कर्जातला सहकारी संस्थांचा वाटा निघाला जेमतेम ३ टक्के! सावकारांचा ७० च्या आसपास. पन्नास वर्षं चालवलेल्या सिस्टीमचा हा रिझल्ट. आमच्याकडे असा प्रॉडक्ट दुसऱ्याच वर्षी बंद करतील. समितीने मात्र लिहिलं की सहकार फसला आहे हे खरं, तरीही तो यशस्वी करावाच लागेल.

आणि इथेच मला ह्या माणसाची कमाल वाटते. हा निकाल लिहिला जात होता, त्याच वर्षांत गाडगीळ दुसरीकडे एका सहकारी कारखान्याचे चेअरमन होते. तो कारखाना चालत होता, आणि झकास चालत होता.

नगर जिल्ह्यातलं लोणी. भंडारदऱ्याचं धरण १९२६ ला पूर्ण झालं, प्रवरेच्या कालव्यांना पाणी आलं, ऊस आला. पण उसाचा गूळ करायचा आणि अडत्याच्या हातात द्यायचा, भाव तो म्हणेल तो. खासगी साखर कंपन्या आल्या, त्या शेतकऱ्यांच्याच जमिनी खंडाने घेऊन ऊस लावायच्या. लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी १९२३ मध्येच गावात पतपेढी काढली होती. शाळा फारशी झालेली नाही, पण गावोगावचा माणूस ओळखीचा. चाळीसच्या दशकात कालव्यावरच्या बागायतदारांपुढे गाडगीळांनी शेतकऱ्यांच्या मालकीच्या कारखान्याची कल्पना मांडली आणि विखे पाटलांनी ती उचलून धरली. मुंबई राज्यात सहकारखातं सांभाळत होते वैकुंठभाई मेहता, त्यांनी पाठबळ दिलं. १९४८ मध्ये नोंदणी आणि १९५०-५१ च्या हंगामात गाळप. आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना असं त्याला म्हणायची पद्धत आहे. आंध्रात त्याआधी काही प्रयत्न झाले होते, पण ज्याची पुढे शंभर जणांनी नक्कल केली तो हा. चेअरमन गाडगीळ, व्हाइस चेअरमन विखे पाटील. पुण्याचा प्रोफेसर आणि लोणीचा शेतकरी, आणि ही जोडी सुमारे दहा वर्षं टिकली.

मग प्रश्न असा की पतपेढ्या आपटल्या आणि साखर कारखाने का चालले? माणसं तीच, गावं तीच, भाऊबंदकी तीच.

ह्याचं सगळ्यात पटणारं उत्तर मला दोन समाजशास्त्रज्ञांकडे मिळालं. बी. एस. बाविस्कर यांनी कोपरगावच्या कारखान्याचा अभ्यास केला, १९८० मध्ये त्यावर पुस्तक आलं. डोनाल्ड ॲटवूड हे कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाचे, त्यांनी नीरा कालव्याच्या पट्ट्यात वर्षानुवर्षं काम केलं. दोघांनी मिळून एक साधाच प्रश्न विचारला : काही सहकारी संस्था चालतात आणि काही चालत नाहीत, असं का?

त्यांचं सगळं म्हणणं इथे देत नाही, पण माझ्या डोक्यात जे बसलं ते असं. ऊस तोडला की घड्याळ चालू होतं. दिवसभरात तो गाळला नाही तर वजन घटतं, साखर उतरते. म्हणजे तो साठवून भावाची वाट बघता येत नाही. उलट बाजूने, कारखाना हे कोट्यवधीचं धूड, ते हंगामाचे पाच-सहा महिने रात्रंदिवस चालायला हवं, नाहीतर कर्जाचे हप्ते अंगावर येतात. त्याला लागणारा ऊस एकट्या बड्या बागायतदाराकडे असतोच कुठे? त्याला शेजारच्या दोन एकरवाल्याचा ऊस हवाच हवा. आणि दोन एकरवाल्याला एकट्याने कारखाना काढता येत नाही.

त्यात दोन नियम. मत माणशी एक, जमीन कितीही असो. आणि भाव टनाला सगळ्यांना सारखा. आता मोठ्या शेतकऱ्याने स्वतःसाठी भाव वाढवून घ्यायचा म्हटला, तर तो लहानालाही आपोआप मिळतो. मोठ्याच्या स्वार्थावर लहान माणूस फुकट बसून जातो! (गुळाला भाव आला की सभासदाचा ऊस हळूच गुऱ्हाळाकडे वळतो, ते वेगळं. तो आपला देशी 'दगा'.) शिवाय इथे रयतवारी. उत्तर प्रदेश-बिहारसारखी एका टोकाला जमीनदार आणि दुसऱ्या टोकाला कूळ अशी दरी कालव्याच्या ह्या पट्ट्यात नव्हती, बरेचसे सभासद स्वतः नांगर धरलेल्या घरांतले.

आणि भांडणं? भरपूर होती. ॲटवूड यांचं तर म्हणणं की कारखान्याच्या निवडणुकीत दोन गट जीव खाऊन लढतात म्हणूनच कारभार बरा राहतो. सत्ताधारी गटाने भाव कमी दिला की पुढच्या वेळी विरोधक येतात. मला हे फार आवडलं. सहकार म्हणजे सगळे गुण्यागोविंदाने नांदतात हे जे सुविचारातलं चित्र असतं, त्याच्याशी ह्याचा काही संबंध नाही. जिथे विरोधकच उरला नाही, पॅनेल बिनविरोध यायला लागलं, तिथे काय झालं ते आपण बघितलंच. कारखाने आजारी पडले, कवडीमोल विकले गेले, आणि अलीकडच्या हंगामांत राज्यात चालणाऱ्या साधारण २०० कारखान्यांपैकी निम्मे खासगी आहेत.

इथपर्यंत माझ्यातला इंजिनिअर एकदम खूश. माणसं चांगली असायची गरज नाही, एकमेकांवाचून अडतं अशी रचना केली की काम भागतं. पण मग दुसरा विचार आला आणि तो जाईना. ज्यांच्यावाचून अडत नाही त्यांचं काय?

त्या चोवीस तासांच्या घड्याळाच्या एका टोकाला कोयता आहे. ऊस कारखान्यापर्यंत वेळेत जातो कारण बीडसारख्या कोरडवाहू जिल्ह्यांतून आलेली नवरा-बायको पहाटे फडात उतरतात. ह्या जोडीलाच धंद्यात 'कोयता' म्हणतात, म्हणजे माणसं दोन आणि मोजणी एक. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायला ती दिवाळीच्या सुमारास घर सोडतात. त्यांच्याशिवाय कारखाना एक दिवस चालणार नाही. पण ही टोळी नाही आली तर दुसरी येते. म्हणून ते सभासद नाहीत, त्यांना मत नाही, आणि तोडणी-वाहतूक हा उसाच्या भावातून वजा होणारा एक खर्च आहे. २०१९ मध्ये ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांच्या बातम्या आल्या, सरकारला समिती नेमावी लागली. तेव्हा कुठे शहरात आम्हाला ही माणसं दिसली.

एलिनॉर ऑस्ट्रॉम (२००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल, ते मिळवणाऱ्या पहिल्या बाई) यांनी स्वित्झर्लंडची कुरणं, स्पेनचे पाट, फिलिपिन्सच्या पाणीसंस्था असं जगभरचं बघून, टिकलेल्या सामुदायिक व्यवस्थांचे आठ नियम काढले. त्यातला पहिलाच असा : आत कोण आणि बाहेर कोण हे स्पष्ट हवं. मी हा नियम आधी सहज वाचून पुढे गेलो होतो. सगळी गोम तिथेच आहे.

ही सीमा वेगळ्या ठिकाणी आखणारा माणूसही पुण्याचाच आणि व्यवसायाने इंजिनिअर. विलासराव साळुंखे. पुण्यात स्वतःचा कारखाना होता. १९७२ च्या दुष्काळात पुरंदरमध्ये फिरताना रोजगार हमीसारख्या कामांवर खडी फोडणारी हजारो माणसं त्यांनी पाहिली, आणि मग नायगावला देवस्थानची सुमारे ४० एकर माळरान जमीन घेऊन तिथेच पाणी अडवायला बसले. त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम एका पानात मावतील. पाणी जमिनीमागे नाही, माणसामागे : माणशी अर्ध्या एकराचं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा लाभार्थींनी आधी भरायचा. जमीन विकली तरी तिच्याबरोबर पाण्याचा हक्क विकला जात नाही. भूमिहीनालाही हिस्सा. आणि ऊस लावायचा नाही.

शेवटचा नियम वाचून मला हसू आलं होतं, मग गणित करून बघितलं. माणसं मोजून पाणी वाटायचं तर ऊस बसतच नाही, एकाच्या उसात चार-पाच घरांची ज्वारी-भाजीपाला जातो. लोणीत मत माणशी होतं, पण पाणी ज्याच्याकडे जमीन त्याला. कालवा काढणाऱ्यांनी ते आधीच ठरवून टाकलं होतं, गाडगीळ-विख्यांच्या हातात तो भाग नव्हताच.

साळुंखे २००२ मध्ये गेले. त्यांची पद्धत राज्याने उचलली नाही, कारखान्यांची उचलली. कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही. साखर कारखान्यातून आमदार निघतो. माणशी अर्ध्या एकराच्या पाण्यातून काय निघणार, भाजीपाला!

नायगाव सासवडच्या पुढे आहे, बाईकने सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला परत. एप्रिल-मे मध्ये जायचं ठरवलंय. पावसाळ्यात सगळंच हिरवं असतं, पाण्याचा हिशेब उन्हाळ्यातच कळतो.